पडत्या घराचा टेकू

यवतमाळहून धामणगावकडे निघालं की वाटेत बाभुळगाव लागतं. पावसाळा ओसरू लागला की या भागातल्या कपाशीच्या धुऱ्यांवर दोन वनस्पती जमिनीला चिकटून पसरलेल्या दिसतात. एक सराटा: इवलं पिवळं फूल आणि चपलेच्या तळव्यात घुसून बसणारं काटेरी फळ. दुसरी घेटुळी: तांबूस देठ, बारीक गुलाबी फुलं. वैद्य पहिल्याला गोक्षुर म्हणतो आणि दुसरीला पुनर्नवा. पुनर्नवा म्हणजे पुन्हा नवी होणारी. उन्हाळ्यात ही वेल वाळून दिसेनाशी होते आणि पहिल्या पावसात त्याच मुळातून फुटते. ज्याच्या घरात कुणाची किडनी फेल झाली आहे, त्याला या नावातच आपलं उत्तर सापडतं. वेल पुन्हा नवी होते, तर किडनी का होणार नाही? शास्त्रात दिलं आहे, ऋषींनी सांगितलं आहे, मग ते खोटं कसं असेल? वरवर हा औषधाचा प्रश्न वाटतो, पण खाली श्रद्धेचा आणि ज्ञानाचा प्रश्न आहे. शास्त्रावर श्रद्धा ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं? माझं म्हणणं असं आहे की आयुर्वेदाशी खरोखर प्रामाणिक राहणाऱ्या माणसाला निकामी झालेल्या मूत्रपिंडाबाबत ‘बरं करतो’ हा शब्द वापरता येत नाही, आणि ही मनाई ॲलोपॅथीने घातलेली नसून चरक-सुश्रुतांनीच घातलेली आहे.

आधी ग्रंथ काय सांगतात ते पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या पाचव्या अध्यायात शरीरातल्या स्रोतसांची, म्हणजे वाहून नेणाऱ्या मार्गांची, मुळं सांगितली आहेत. मूत्र वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ तिथे बस्ती आणि वंक्षण, म्हणजे मूत्राशय आणि जांघेचा भाग, असं दिलं आहे. ज्या वृक्काला आज आपण किडनीचा प्रतिशब्द मानतो, तो शब्दही त्याच अध्यायात येतो, पण मेद वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ म्हणून. सुश्रुतही वृक्काला मेदाशीच जोडतो. मूत्राविषयी त्याने दिलेली उपमा मात्र फार सुंदर आहे. नवा कोरा माठ तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला की पाणी त्याच्या अंगातून झिरपत आत येतं आणि माठ भरतो. तसाच बस्ती हजारो सूक्ष्म वाटांनी मूत्राने भरतो. गाळणीची, झिरपण्याची कल्पना इथे स्पष्ट आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की एकेका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून जेमतेम दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडतं. सुश्रुताला प्रक्रिया उमगली होती. अवयव मात्र त्याने दुसरा धरला. म्हणून आज एखाद्या डबीवर ‘वृक्करोगावर प्राचीन शास्त्रोक्त औषध’ असं छापलेलं असतं, तेव्हा ते शास्त्रात त्या अर्थाने नसतंच. शास्त्रात मूत्रकृच्छ्र म्हणजे कष्टाने होणारी लघवी आहे, मूत्राघात म्हणजे लघवी अडणं आहे, अश्मरी म्हणजे मुतखडा आहे, मधुमेह ज्यांत मोडतो ते वीस प्रकारचे प्रमेह आहेत, अंगावर येणारी सूज आणि पांडुता आहे. ही सगळी लक्षणं बारकाईने टिपलेली आहेत. पण त्यांना एका मूत्रपिंडाच्या धाग्यात ओवणं त्या काळात झालं नव्हतं.

यावर हमखास आक्षेप येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. ऋषी आप्त होते, रज-तमाच्या पलीकडे गेलेले होते. त्यांचं वचन कळलं नाही तर चूक आपल्या समजण्यात आहे, वचनात नाही. पण ऋषींनी स्वतः काय केलं ते पाहावं. सुश्रुताच्या शारीरस्थानात मृतदेह पिंजऱ्यात घालून, गवताने गुंडाळून, पाण्यात सात रात्री ठेवायला सांगितला आहे. मग तो हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं एकत्र आलं तरच ज्ञान वाढतं, असा त्याचा स्पष्ट आग्रह आहे. सात रात्री पाण्यात कुजलेल्या देहात बारीक, मऊ नळ्या नीट टिकल्या नसाव्यात, हे समजण्यासारखं आहे. त्याच्या काळात हाती असलेल्या साधनांनी त्याने जितकं पाहता येईल तितकं पाहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालचे कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, आधुनिक शवविच्छेदनातून दिसलेलं शरीर आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवलं, आणि त्यामुळे ते वैद्य म्हणून कुठे उणे ठरले नाहीत. परंपरेतलाच माणूस परंपरेतली चूक दुरुस्त करतो, तेव्हा परंपरा जिवंत आहे असं मी मानतो.

चरक तर यापुढे जातो. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याने सत्य तपासण्याची चार साधनं दिली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. इतर दर्शनांत सहसा न आढळणारं हे चौथं साधन खास वैद्याचं आहे. अनेक कारणं एकत्र येऊन एक कार्य घडतं, ते ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. आणि तिचं उदाहरण म्हणून त्याने शेतच घेतलं आहे. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू जुळून आले म्हणजे पीक उभं राहतं. बाभुळगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. पीक चांगलं आलं म्हणून सगळं श्रेय तो बियाण्याच्या पाकिटाला देत नाही. पाऊस कधी पडला, फवारणी कधी झाली, जमीन कोणती होती, हे सगळं मोजतो. मग ‘अमक्याला पुडीने गुण आला’ हे ऐकताना हीच बुद्धी कुठे जाते? घोणस चावल्यावर, हगवणीने अंगातलं पाणी संपल्यावर किंवा मूत्रमार्गात खडा अडकल्यावर मूत्रपिंडं एकाएकी बंद पडू शकतात. मूळ कारण दूर झालं, अंगात पाणी गेलं, थोडे दिवस डायलिसिसचा आधार मिळाला, की त्यातली बरीच पुन्हा चालू होतात. त्याच आठवड्यांत पुडीही चालू असेल तर श्रेय पुडीला जातं. शेजारच्या घरातला रुग्ण मात्र मधुमेहाने किंवा रक्तदाबाने पंधरा वर्षांत हळूहळू झिजलेला असतो. त्याची गाळणी गेली ती गेली. जन्मानंतर नव्या गाळण्या तयार होत नाहीत. या दोघांचा रोग एका नावाने ओळखला जातो, आणि पहिल्याची गोष्ट ऐकून दुसरा आपलं डायलिसिस सोडतो.

क्रिएटिनिनच्या कागदाचंही तसंच. हा आकडा उतरला की किडनी सुधारली, असं घराघरात मानतात. क्रिएटिनिन मुळात स्नायूंतून तयार होतं. रुग्णाला अन्न जाईनासं झालं, दंड-मांड्या सुकल्या, डाळ-मांस बंद केलं, की मूत्रपिंड जराही न सुधारता हा आकडा खाली येऊ शकतो. कडक पथ्यावर ठेवलेला रोगी दोन महिन्यांत आठ किलोने उतरतो आणि रिपोर्ट दाखवून आनंदाने सांगतो की औषध लागू पडलं. त्याचे पाय अजून सुजलेले असतात, चालताना धाप लागते, पण कागदावरचा आकडा कमी असतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: निम्मं काम थांबेपर्यंत हा आकडा फारसा वर जातच नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर निर्धास्त राहता येत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन त्याआधी बोलतं, आणि ती तपासणी फार महागडी नाही.

आता मुख्य मुद्दा. आयुर्वेदाने रोगांची विभागणी साध्य आणि असाध्य अशी केली, आणि असाध्याचेही दोन भाग केले: याप्य आणि प्रत्याख्येय. प्रत्याख्येय म्हणजे ज्याच्यापुढे वैद्याने हात जोडावेत असा. याप्य म्हणजे बरा न होणारा, पण उपचार चालू असेपर्यंत माणसाला जगवून ठेवता येईल असा. सुश्रुताची इथली उपमा मला साऱ्या वैद्यकशास्त्रात सगळ्यात प्रामाणिक वाटते: पडायला आलेलं घर खांब लावून उभं ठेवावं, तसा याप्य रोगी उपचाराच्या आधारावर उभा असतो. मातीच्या घराची भिंत कलली की आपल्याकडे माणसं बाभळीचं लाकूड आणून टेकू देतात. टेकू दिला म्हणजे भिंत नवी झाली असं कुणी समजत नाही, आणि टेकू काढून भिंत स्वतःच्या बळावर उभी राहते का, हे आत माणसं झोपलेली असताना कुणी आजमावून पाहत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास चालणारं डायलिसिस हे सुश्रुताच्या या उपमेचं जसंच्या तसं रूप आहे. तो टेकूच आहे. तो वैद्याने दिला की यंत्राने, हा भेद सुश्रुताच्या विचारात बसत नाही. उलट जो म्हणतो, ‘डायलिसिस बंद करा, मी बरं करतो’, तो याप्याला साध्य म्हणतो. चरकाने अशा वैद्याला स्पष्ट इशारा दिला आहे: असाध्याला हात घालणाऱ्याचं धन, विद्या आणि कीर्ती तिन्ही जातात. आणि सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना आणखी एक पाऊल टाकलं. शस्त्रक्रिया नाही केली तर मृत्यू निश्चित, केली तर परिणाम संशयाचा, म्हणून आधी अधिकार असलेल्याची अनुज्ञा घ्यावी, असं त्याने सांगितलं. संशय लपवायचा नाही, तो आधी बोलून दाखवायचा, ही त्या शास्त्राची रीत होती.

‘डॉक्टरांनीच हात टेकले आहेत, मग गमावण्यासारखं काय उरलं?’ हा आक्षेप हताश माणसाचा आहे, त्याला रागाने उत्तर देणं क्रूरपणाचं होईल. पण गमावण्यासारखं खूप असतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाऱ्यामुळे मूत्रपिंडाची गाळणी बिघडून लघवीतून प्रथिनं वाहू लागतात. दक्षिण भारतातल्या रुग्णांवरच्या अभ्यासात पारंपरिक औषधांचा असा संबंध अलीकडेच नोंदला गेला आहे. भस्माची शुद्धी नीट झाली असेल तर ते निर्विष असतं, असं वैद्य म्हणतील. पण खेड्यात मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीतल्या भस्माची शुद्धी कुणी तपासली, याचं उत्तर त्या पुडीवर नसतं. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक आहे, हेही खरं नाही. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी औषधात ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची गेली. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली. मुतखड्यावर दिला जाणारा यवक्षार हा मुख्यतः पोटॅशियमचा क्षार आहे, आणि पुनर्नव्यातही पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट माणसाला त्याने लघवी सुटते. ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, त्याचं हृदय त्यानेच अचानक थांबू शकतं. याच कारणाने शहाळ्याचं पाणीही त्याला परवडत नाही. सैंधव सात्त्विक मानलं जातं, पण त्यातही सोडियमच असतं. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. पहिल्या टप्प्यात रक्तदाब आणि साखर आवरली तर डायलिसिस पुढे ढकलता येतं, काही वेळा टळतंही. ती महिने-वर्षं पुडी घेण्यात गेली तर परत मिळत नाहीत.

आधुनिक वैद्यक निर्दोष आहे असं मात्र मी म्हणत नाही, आणि या आक्षेपाचं वजन मोठं आहे. दिवसभर कापूस वेचून किंवा ओझी उचलून कंबर धरली की मजूर मेडिकलमधून दुखण्याची गोळी विनाचिठ्ठी घेतो, आणि रिकाम्या पोटी, उन्हात, पाणी कमी पिऊन रोज घेतो. मूत्रपिंडं बिघडवणाऱ्या कारणांत या गोळ्यांचा वाटा छोटा नाही. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही 2016 पासून आहे. तरी आठवड्यातून दोन-तीन दिवस रुग्णाला आणि त्याच्यासोबत घरच्या एका माणसाला मजुरी सोडून यवतमाळला किंवा सेवाग्रामला जाण्याची वेळ ज्या घरावर येते, त्या घराचं गणित कोलमडतं. दवाखान्यात दोन मिनिटांत रिपोर्ट पाहून चिठ्ठी लिहिली जाते. वैद्य अर्धा तास बसून जेवण, झोप, मन विचारतो. लोक तिकडे का वळतात ते यातून समजतं. पण ऐकून घेणं आणि खोटी आशा देणं या दोन गोष्टी एकत्र येण्याची गरज नाही. अर्धा तास ऐकून घेऊन ‘हा रोग याप्य आहे, टेकू सोडू नका, मी पथ्य सांगतो’ असं म्हणणारा वैद्य आज फार हवा आहे.

खेड्यातल्या घरात याहून खोल एक शब्द ऐकू येतो: भोग. पूर्वजन्मीचं आहे, भोगून संपवायचं. आयुर्वेद कर्म मानतो, तरी हा निष्कर्ष मानत नाही. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात चरक विचारतो की आयुष्य जर पूर्ण ठरलेलंच असेल, तर औषध, पथ्य, काळजी यांना अर्थ काय उरतो? मग तो गाडीच्या आसाचं उदाहरण देतो. चांगला आस नीट वापरला तर आपल्या आयुष्याएवढा टिकतो. जास्त ओझं लादलं, रस्ता वाईट असला, वंगण नसलं, तर मध्येच मोडतो. माणसाचं तसंच, दैवाच्या जोडीला पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, असतोच. याच अध्यायाचं नाव जनपदोद्ध्वंसनीय आहे. पांचाल देशात, गंगेच्या काठी, आत्रेय पुनर्वसू शिष्य अग्निवेशाला सांगतात की माणसांच्या प्रकृती वेगवेगळ्या असूनही एकाच वेळी सारा मुलूख आजारी पडतो, तेव्हा वायू, पाणी, देश आणि काळ या सर्वांना समान असलेल्या गोष्टी बिघडलेल्या असतात. वायूपेक्षा पाणी टाळणं कठीण, पाण्यापेक्षा जमीन, जमिनीपेक्षा काळ. या बिघाडाच्या मुळाशी अधर्म आहे आणि तो राज्य करणाऱ्यांपासून खाली झिरपतो, हेही तिथे सांगितलं आहे. मूत्रपिंडाच्या रोगासाठी आयुर्वेदात सगळ्यात मोलाचं काय असेल तर माझ्या मते हा अध्याय, आणि पुड्या बांधणाऱ्यांनी नेमका तोच दूर ठेवला आहे.

विदर्भाकडे या अध्यायाच्या नजरेने पाहा. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या गावांत, खारं पाणी पिऊन किडनी जाते ही तक्रार जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पांढरकवडा, झरी जामणी भागात वाकलेली हाडं आणि पिवळे दात त्याची साक्ष देतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम फ्लोराईड ही अपेक्षित मर्यादा आहे, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत, नायट्रेटची मर्यादा 45. मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात जातो आणि त्या उन्हात मजूर राबतो. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरच्या ऊसतोड मजुरांत, श्रीलंकेच्या अनुराधापुरा भागात, आंध्रच्या उद्दानममध्ये मधुमेह नसताना, रक्तदाब नसताना धट्ट्याकट्ट्या शेतमजुरांची मूत्रपिंडं जाताना दिसली आहेत. ऊन आणि अंगातलं पाणी कमी पडणं हे त्यातलं एक प्रमुख संशयित कारण मानलं जातं. 2017 च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. किडनीशी त्याचा थेट धागा सिद्ध नाही, पण जमीन आणि पाणी यांचं काय झालं आहे ते त्यातून कळतं. बाभुळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्पाचं मोठं धरण आहे. त्या पाण्याच्या शेजारच्या गावात माणूस बोअरचं पाणी पीत असेल आणि ते कधी तपासलं गेलं नसेल, तर चरकाच्या भाषेत तो रोग त्या एका माणसाचा उरत नाही.

मग आयुर्वेदाने काय करायचं? त्याच्याजवळ देण्यासारखं पुष्कळ आहे. लघवीचा वेग अडवू नये, हे त्याने सूत्रस्थानातच सांगून ठेवलं आहे. शेतात आडोसा नाही म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच न पिणाऱ्या निंदणाऱ्या बाईसाठी हे वाक्य आजही अमलात आलेलं नाही. प्रमेहाच्या गरीब रुग्णाला सुश्रुत महागडं औषध देत नाही. त्याला अनवाणी लांब चालायला, गाईंमागे हिंडायला, विहीर खणायला सांगतो. मधुमेह हे मूत्रपिंड जाण्याचं आज सर्वांत मोठं कारण आहे, आणि अंगमेहनतीचा तो उपाय दोन हजार वर्षांनी टिकला आहे. लहान मुतखड्याला कुळथाचं कढण आणि भरपूर पाणी यांनी कुणाला आराम पडत असेल, तर दुखणं, ताप किंवा रक्त नसेपर्यंत त्यात बिघडत नाही. सराटा आणि घेटुळी यांच्यावर नीट, मोठ्या संख्येने, दीर्घकाळ चाचण्या व्हाव्यात, आणि आयुर्वेद महाविद्यालयांनी त्या स्वतः कराव्यात. निकाल विरुद्ध आला तर तोही छापावा, कारण चरकाला प्रत्यक्षाचं भय नव्हतं.

तोवर एवढं करा. तिशी ओलांडली असेल, घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, उन्हात काम असेल, तर वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. ग्रामसभेत बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा. डायलिसिस चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून एकही पाळी चुकवू नका, आणि घरात आलेलं प्रत्येक चूर्ण डॉक्टरांना दाखवा. वैद्याकडे गेलात तर पुडी हातात घेण्याआधी त्याला विचारा, माझा रोग साध्य, याप्य की प्रत्याख्येय? हे तीनही शब्द त्याच्याच शास्त्रातले आहेत. उत्तर कागदावर लिहून मागा, खाली सही घ्या.